मास्तर आसुबोंतेंग आणि उसने अंग

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी, मंगळवारी, मी मास्तर आसुबोंतेंग यांच्या हातावर १,२४० सेडी आगाऊ ठेवले. पूर्ण काम २,४८० सेडींचे होते: दोनशे पोस्टर, बारा बॅनर आणि प्रार्थनेच्या तीनशे पुस्तिका. माझे थोरले मामा, ओपानिन न्कान्सा, एक्याण्णवाव्या वर्षी वारले होते आणि अंत्यविधी समितीचा खजिनदार मी होतो. आमच्या घराण्यात कोणीही गेले की खजिनदार मीच असतो. मी आमच्या कोनोन्गो गावातल्या कोको वाहतूक सहकारी संघात हिशेब पाहतो, लवकरच निवृत्त होईन, आणि पैसे मोजून झाल्यावर ते पुन्हा मोजतो. एवढ्या भांडवलावर हे पद मला कायमचे मिळालेले आहे.

अंत्यविधी शनिवारी, १८ मार्चला ठरला. पोस्टर त्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे दहा तारखेच्या शुक्रवारी भिंतींवर लागायला हवेत. ज्याचे पोस्टर लागले नाही तो माणूस नीट मेला असे आमच्याकडे कोणी धरत नाही. मामा तोवर शवागारात होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. घाई आम्हाला होती.

मास्तरांना मास्तर का म्हणतात ते सांगणे कठीण आहे, कारण त्यांनी कोणाला काही शिकवल्याचे ऐकिवात नाही. तरुणपणी ते पाट्या रंगवत. लॉरीच्या मागे बायबलातली वाक्ये, केशकर्तनालयाच्या दारावर निरनिराळी डोकी, दवाखान्याच्या भिंतीवर दात. मग २००८ साली त्यांनी एक जुना संगणक घेतला, बसथांब्यासमोरच्या खोलीत तो मांडला आणि पोस्टरचा धंदा सुरू केला. तेव्हापासून कोनोन्गोत जो मेला तो त्यांच्या हातून गेला.

त्यांची एक सवय गावाला चांगली ठाऊक होती. कोणी खोकत जरी दुकानात आले तरी मास्तर चष्मा वर करून त्याच्याकडे नीट बघत आणि म्हणत, "बसा जरा. मान सरळ करा. एक फोटो काढून ठेवू. आज नाहीतर उद्या लागतोच." माझा फोटो त्यांनी मी पन्नाशीत असताना काढला होता. पोस्टरही करून ठेवले होते, फक्त तारीख भरायची राहिली होती. मी घासाघीस केली की ते संगणकावर ते उघडून दाखवत आणि म्हणत, "बघा, खजिनदारसाहेब, तुमचं कसं छान ठेवलंय, आणि तुम्ही पुस्तिकेमागे दहा पैशांसाठी भांडताय."

त्यांच्या संगणकात जे काही होते ते एका तबकडीतून आले होते. कुमासीच्या बाजारात छत्रीखाली बसणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी ती दहा सेडींना घेतली होती. तिच्यात चाळीस प्रोग्राम होते. चित्रे जुळवायचा, पत्रे लिहायचा, हिशेबाचा, आणि एक पियानो शिकवणारा. ही चोरीची प्रत आहे असे कोणी म्हटले की मास्तर भडकत.

"चोरीची? मी पैसे मोजलेत. दहा सेडी! त्यानं मला प्लास्टिकची पिशवीसुद्धा दिली. चोर कधी पिशवी देतो का?"

पुढे गावातल्या प्रत्येक टायपिंगच्या दुकानात तीच तबकडी फिरली. शेजारणीने विस्तव मागावा तशी लोक ती मागून नेत. त्यामुळे गावातला कुठलाही संगणक चालू केला की चित्रांचा प्रोग्राम उघडताना एका कोपऱ्यात एकच नाव दिसे: हा प्रोग्राम दिमित्री यांच्या नावे नोंदलेला आहे. हा दिमित्री कोण, कुठला, त्याने कुलूप कसे तोडले, कोणाला माहीत नव्हते. मास्तरांची समजूत अशी की तो कंपनीचा मालक आहे. रोज सकाळी दुकान उघडले की ते आधी म्हणत, "नमस्कार दिमित्रीसाहेब," आणि मगच खुर्चीत बसत.

दिमित्रीची एकच अट होती, असे तबकडीवाल्याने सांगितले होते. या यंत्राला इंटरनेट दाखवायचे नाही. मास्तरांनी ही अट नऊ वर्षे पाळली.

आता अंगाविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. आमच्याकडे पोस्टरवर माणूस केंटे हे रंगीत विणलेले वस्त्र पांघरून, हात मांडीवर ठेवून, सरदारासारखा बसलेला दिसला पाहिजे. पण मरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा फोटो असतो तो मतदार ओळखपत्रावरचा, फक्त मानेपर्यंतचा. म्हणून मास्तरांनी एकदा क्वासी ब्रॉबी या खाटकाला भाड्याचे केंटे नेसवून, खुर्चीत बसवून त्याचा फोटो काढून ठेवला होता. ब्रॉबीची छाती दोन माणसांची आहे. गावात कोणीही पुरुष मेला की मास्तर त्याचे डोके त्या अंगावर बसवत. घरचे लोक पोस्टर पाहून डोळे पुसत आणि म्हणत, "शेवटी शेवटी काय तेज आलं होतं हो!" बायकांसाठी मास्तरांच्या मेव्हणीचे अंग होते. पुढे ती स्वतः वारली तेव्हा तिलाही तेच लागले. मास्तरांच्या हातून निघालेले संपूर्ण खरे असे ते एकच पोस्टर.

तर मार्चच्या पहिल्या तारखेला हॅम्बुर्गहून माझ्या मावसबहिणीचा, बिरागोचा फोन आला. ती तीस वर्षे तिकडे आहे आणि अंत्यविधीचा निम्मा खर्च तिचा होता, त्यामुळे ती बोलत नसे, आज्ञा करत असे.

"दादा, मतदार कार्डावरचा तो फोटो अजिबात लावायचा नाही. त्यात मामा पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसतात. मी चौऱ्याण्णव साली इथे काढलेला फोटो पाठवते. हसरा आहे."

"त्यात अंगात काय आहे?"

"ओव्हरकोट. पण तुमचा तो मास्तर केंटे नेसवेल ना? ई-मेल करते त्याला. मोठा फोटो आहे, फोनवर नको उघडू म्हणावं, बिघडेल."

मास्तरांनी दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी बिरागोने आम्हा दोघांना मिळून सात वेळा फोन केला. शेवटी शुक्रवारी दुपारी, माझ्या समोर, मास्तरांनी आपला फोन तारेने संगणकाला जोडला, स्वतःशीच प्रार्थना म्हटली आणि त्या यंत्राला नऊ वर्षांत पहिल्यांदा इंटरनेट दाखवले.

मामांचा हसरा फोटो आला. त्यापाठोपाठ पडद्यावर एक चौकट आली. ही प्रत खरी नाही, सबब ती बंद करण्यात येत आहे. मास्तरांनी चौकट मिटवली, तर आणखी दोन आल्या. मग यंत्र आतून घरघरले, आणि पोस्टरच्या सगळ्या फाइलींची नावे आमच्या डोळ्यांदेखत बदलत गेली. पहिल्या ओळीत कोणाचे तरी आजोबा होते, तिथे नुसते आकडे आणि फुल्या आल्या. मग दुसरी ओळ. मग तिसरी. ब्रॉबीचे अंग गेले, मेव्हणीचे गेले, माझे तयार पोस्टरही गेले. त्याबद्दल मला वाटायला हवे होते तेवढे दुःख वाटले नाही.

मास्तरांनी टोपी काढली. "दिमित्री गेला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आमच्या घराण्याचे प्रमुख, जे बोलतात कमी पण ते परत घेत नाहीत, काठी टेकत दुकानात आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"येत्या शुक्रवारी भिंतीवर आमचा माणूस दिसला, तर तू आमचा मास्तर," ते म्हणाले. "नाही दिसला, तर रेल्वेच्या जुन्या फाटकाजवळ पोस्टरवाल्याचं ते नवं काचेचं दुकान आहे. यापुढे आमची सगळी प्रेतं तिकडे."

गावातले मोठे अंत्यविधी निम्मे आमच्या घराण्यातले असतात. मास्तरांना मी फक्त एवढाच हिशेब करून दाखवला.

शनिवारी ते पहाटेच कुमासीला गेले. छत्रीखालचा माणूस अजून तिथेच होता, छत्री तेवढी नवी होती. त्याने चाळीस सेडींची नवी तबकडी पुढे केली. "ही दिमित्रीची नाही काका, ही वांगची आहे. वांग पक्का आहे."

"आणि वांग गेला तर?" मास्तरांनी विचारले.

"तर पुढच्या शनिवारी या. मी इथेच आहे."

मास्तर रिकाम्या हाताने परतले. पुढच्या शनिवारपर्यंत त्यांची मुदतच नव्हती. मग मी कागद घेतला आणि खरा प्रोग्राम विकत घेतला तर काय पडेल ते काढले. महिन्याला दोनशे सेडींहून जास्त, तेही परदेशात चालणारे बँकेचे कार्ड असेल तर, आणि दर महिन्याला, जन्मभर. दुकानाचे भाडे दीडशे होते. एकदाच पैसे भरून कायमचे मिळणारे लहान कंपन्यांचे प्रोग्रामही होते. मी म्हटले, तसा एखादा बिरागोच्या कार्डावर घेऊ, नंतर फेडा.

"नको," मास्तर म्हणाले. "मी तिचे पैसे फेडले तरी ती मला फोन करत राहील."

तेव्हा मला आमच्या संघाची आठवण झाली. तीन वर्षांपूर्वी हिशेब तपासनीसांनी विचारले होते, या संगणकांवरच्या प्रोग्रामच्या पावत्या कुठे आहेत? पावत्या नव्हत्या. तेव्हा मुलींच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या मिस आम्पोमा यांनी येऊन सगळे पुसून आम्हाला लिबरऑफिस हा प्रोग्राम घालून दिला होता. त्यावर मी रोज काम करतो आणि तेव्हापासून तपासनीस आमच्याकडे नुसता चहा पिऊन जातात. रविवारी चर्च सुटल्यावर मी मिस आम्पोमांना गाठले आणि तशाच पांढऱ्या कपड्यांत मास्तरांच्या दुकानात घेऊन आलो.

"चित्रांसाठी गिंप आहे," बाई म्हणाल्या. "अक्षरं आणि चौकटींसाठी इंकस्केप. पुस्तिका लिबरऑफिसमध्ये. आणि मास्तर, तुमचा संगणक मुळात ज्यावर चालतो तेही चोरीचंच आहे. ते पुसून उबुंटू घालू. जुन्या यंत्राला ते झेपेल."

"उबुंटू. हे नाव तरी आपल्या बाजूचं वाटतं," मास्तर म्हणाले. "किती पडेल?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"फुकट. जगभरातले लोक मिळून हे बनवतात आणि सगळ्यांना वापरायला देतात. कायद्यानं. तुम्ही दुसऱ्याला प्रत करून दिलीत तरी चालते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना मी गंभीर माणूस वाटतो.

"चोरीच्या मालाला दहा सेडी, आणि कायद्याच्या मालाला शून्य? खजिनदारसाहेब, तुम्ही बेरीज पुन्हा करा."

"बेरीज करायला काही नाहीच मास्तर. शून्य आहे."

"तेच म्हणतोय. शून्याची पुन्हा करा."

"मी आमच्या संघात तीन वर्षं वापरतोय."

"अहो, तुमचा कोको. कोको काय, तक्रार करत नाही. मी माणसांचे चेहरे करतो! फुकटच्या वस्तूनं उद्या कोणाचं नाक वाकडं केलं तर त्याची बायको मला सोडेल का?"

मिस आम्पोमा एव्हाना कामाला लागल्या होत्या. तासाभराने त्यांनी गिंप उघडले. दिमित्रीचे नाव जिथे असायचे तिथे आता एक मोठ्या डोळ्यांचा प्राणी होता, कोल्हा की कुत्रा ते कळत नव्हते, आणि त्याने तोंडात रंगाचा कुंचला आडवा धरला होता.

मास्तर पुढे वाकले. शिडीवर चढून पाट्या रंगवायच्या काळात एक हात शिडीला, एक हात डब्याला, म्हणून ते कुंचला असाच दातांत धरत असत. त्यांच्या पुढच्या एका दाताचा कोपरा त्यापायीच झिजलेला आहे.

"हा पेंटर आहे," ते हळूच म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून बसले. "हं. दाखवा बाई. कात्री कुठे ठेवलीय यानं?"

सोमवार ते बुधवार मिस आम्पोमा शाळा सुटल्यावर येत होत्या. बाकीच्या वेळी मास्तर एकटेच त्या प्राण्याशी भांडत. रस्त्यावरून जाताना ऐकू येई. "अरे रंग भरायचं डबडं मागितलं मी, रबर कशाला देतोस!" "कुठे गेलं? आत्ता इथे होतं! पेंटर, परत आण ते!" मंगळवारी त्यांनी मामांचा ओव्हरकोट कापताना मामांचे कानही कापले. बुधवारी कान परत आले, हसू तसेच होते, आणि मामांचे डोके पडद्यावर अगदी झकास, पण अधांतरी तरंगत होते. खाली अंग नव्हते.

तेव्हा ब्रॉबीला निरोप गेला.

ब्रॉबी दुकान बंद करून, हात धुऊन आला. गावात काय झाले ते त्याला कळलेले होते. तो खुर्चीत बसला, खुर्चीने आवाज केला.

"मास्तर, मला एक सांग. आजवर माझ्या अंगात किती माणसं पुरलीस?"

"मोजली नाहीत रे."

"मी मोजली. माझी बायको मोजते. भिंतीवर पोस्टर लागलं की ती म्हणते, अहो, तुम्ही पुन्हा वारलात. पोरं शाळेत चिडवतात. आणि मला काय मिळालं? एक बाटली सोडा. नऊ वर्षांपूर्वी. गरम."

"मित्र म्हणून केलंस तू ते."

"एका फोटोसाठी मित्र! तू तर कारखाना काढलास. त्या दिमित्रीचा प्रोग्राम न विचारता वापरलास, माझं अंगही न विचारता वापरलंस. त्याचं कंपनीनं बंद केलं. माझं मी बंद करतो."

मास्तर चार दिवसांत बरेच काही शिकले होते. ते म्हणाले, "हे बघ ब्रॉबी, हा गिंप बघ. जगभरच्या लोकांनी बनवला, आणि सगळ्यांना फुकट. तूही तसाच मोठ्या मनाचा हो."

"तुझा गिंप फुफू खातो का?"

"नाही."

"मी खातो. आणि ही छाती त्याच्यावर झालेली आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, मागचे सगळे श्नॅप्स दारूच्या एका बाटलीवर मिटवा आणि यापुढे दर अंगामागे पाच सेडी. ब्रॉबीने विचार केला. मग म्हणाला की कबूल, पण माझ्या दोन अटी आहेत. एक, दिवाळखोराला किंवा बायको मारणाऱ्याला माझे अंग द्यायचे नाही. दुसरी, फोटोत हे घड्याळ दिसले पाहिजे. आणि त्याने डावा हात पुढे केला. मनगटावर बशीएवढे सोनेरी घड्याळ होते. त्याच हाताच्या करंगळीचे टोक नाही, ते तरुणपणी सुऱ्याखाली गेले.

"मेलेल्या माणसाला घड्याळ कशाला?" मास्तर ओरडले.

"मेलेल्या माणसाला माझी छाती तरी कशाला?"

गुरुवारी सकाळी भाड्याचे केंटे आले, फोटो झाला, डोके बसले. घड्याळ नंतर पुसून टाकू, ब्रॉबीला काय कळतेय, असे मास्तरांनी मला डोळ्यांनी सांगितले होते. दिमित्रीच्या काळात ते काम त्यांनी दोन मिनिटांत केले असते. गिंपमध्येही ते होते, पण त्याचा धडा मिस आम्पोमांनी अजून घेतला नव्हता. मास्तरांनी स्वतःच पुसून पाहिले, तर घड्याळाबरोबर मनगट गेले आणि हात मांडीवर सुटा पडलेला दिसू लागला. त्यांनी घाईने सगळे परत आणले. दुपारचा एक वाजला होता, छपाई यंत्र तापले होते.

"राहू दे घड्याळ," मी म्हटले. ही माझी मंजुरी होती, म्हणून इथे लिहून ठेवतो.

शुक्रवारी उजाडताना कोनोन्गोच्या भिंतींवर मामा होते. बसथांब्यावर, चर्चच्या कुंपणावर, कोको गोदामाच्या दारावर, हसरे, रुंद छातीचे, केंटे पांघरलेले. घराण्याचे प्रमुख एका पोस्टरसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "हा इतका खात कधी होता?" आणि निघून गेले. मास्तरांच्या मते ही शाबासकी होती. आता अठरा तारखेचा शनिवार नीट पार पडला की काम फत्ते, असे ते म्हणाले.

त्या शनिवारी मैदानात मांडव पडले, लाल-काळ्या कपड्यांतली माणसे रांगांत बसली, आणि ध्वनिक्षेपकावर कोणी किती वर्गणी दिली ते पुकारणे सुरू झाले. मी टेबलावर पावत्या फाडत होतो. तेवढ्यात मामांचा थोरला मुलगा, क्वाद्वो न्कान्सा, उठला. तो लाकडाचा व्यापारी आहे, आवाज करवतीसारखा. त्याने पुकारणाऱ्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"लोकहो! मला एकच प्रश्न विचारायचाय. माझ्या बापाच्या हातातलं सोन्याचं घड्याळ कुठे आहे?"

साऱ्या माना बॅनरकडे वळल्या. मांडवाच्या दर्शनी भागी बारा फुटांचा बॅनर होता. त्यावर मामांच्या मनगटावरचे घड्याळ जेवायच्या ताटाएवढे दिसत होते.

आमच्यात इस्टेट भाच्यांकडे जाते, मुलांकडे नाही. त्यामुळे हा प्रश्न आम्हा भाच्यांना होता, आणि भाच्यांमध्ये थोरला मी.

"अरे क्वाद्वो, मामांनी आयुष्यात घड्याळ वापरलं नाही," मी टेबलावरूनच म्हटले. "वेळ हवी असली की ते कोंबड्यांना विचारायचे."

"मग ते काय आहे? कोंबडी आहे? खजिनदार, घर घेतलंत, शेत घेतलंत, आम्ही काही बोललो नाही. घड्याळ तरी सोडायचं!"

हॅम्बुर्गहून आलेली बिरागो काळा चष्मा वर करून म्हणाली, "मी मामांना एक घड्याळ देणार होते, चौऱ्याण्णव साली." तिने चष्मा परत डोळ्यांवर ओढला. "दिलंही असेल."

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. ज्या माणसाने बत्तीस वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे केला नाही त्याच्याकडे लोक असे पाहू लागले की त्याचा हात आपोआप पावतीपुस्तकाकडे जातो. मी मास्तरांना शोधले. ते शेवटच्या रांगेत होते, खुर्चीत शक्य तितके लहान होऊन बसले होते. त्यांची अडचण मला कळत होती. खरे सांगितले तर नऊ वर्षांची पोस्टरे उघडी पडणार, आणि सहाशे माणसांसमोर. त्यात काचेच्या दुकानाचा मालकही होता, पुढच्याच रांगेत, नवीन बूट घालून.

मास्तर उठले. हळूहळू पुढे आले. क्वाद्वोच्या हातातून त्यांनी माइक घेतला, दोनदा फुंकर मारली.

"घड्याळ ब्रॉबीचं आहे," ते म्हणाले. "मनगटही ब्रॉबीचं आहे. मानेच्या खाली सगळं ब्रॉबीचंच आहे. ओपानिन फक्त वर आहेत."

मग चौथ्या रांगेतून ब्रॉबी उभा राहिला आणि त्याने डावा हात वर केला. घड्याळ चमकले. त्याच्या शेजारी ती अर्धी करंगळी. सहाशे माणसांनी एकदा बॅनरकडे पाहिले, एकदा ब्रॉबीकडे.

"अगं बाई! माझ्या नवऱ्याचं बोट!" एक विधवा ओरडली. "तीन वर्षं झाली, मी त्या शवागारवाल्याशी बोलत नाहीये! म्हटलं, यांचं बोट कापलंच कसं!"

"आमच्या अण्णांचंही तसंच होतं!" दुसरीकडून कोणीतरी म्हणाले.

"आणि आमच्या आजोबांची छाती!"

मग हसू फुटले ते आवरेना. काळ्या कपड्यांतल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून हसत होत्या, ढोलवाल्यांच्या हातून काठ्या पडल्या, आणि ब्रॉबी हात तसाच वर धरून उभा होता, मिरवणुकीतल्या सरदारासारखा. क्वाद्वो मात्र व्यापारी माणूस. तो ब्रॉबीपाशी गेला, घड्याळ हातात घेऊन डोळ्यांजवळ नेले आणि कानाला लावले.

"हे बंद आहे," तो म्हणाला. "आणि याचा सोनेरी रंग माझ्या बोटाला लागला."

"वीस सेडींना घेतलं, कुमासीच्या बाजारात," ब्रॉबी जरा ओशाळून म्हणाला. "छत्रीखाली बसतो तो."

माइक अजून मास्तरांच्या हातात होता. "म्हणजे हाही दिमित्रीच!" ते म्हणाले, आणि ते सगळ्या मैदानाला ऐकू गेले. दिमित्रीचे नाव गावातल्या प्रत्येक टायपिंगवाल्याला ठाऊक होते. त्यांच्यातून जो हशा उठला त्यात काचेच्या दुकानाचा मालकही होता. त्याच्या संगणकावरही तोच दिमित्री होता.

घराण्याच्या प्रमुखांनी काठी आपटली.

"शुक्रवारी आमचा माणूस भिंतीवर दिसला का?" त्यांनी मला विचारले.

"दिसला."

"हसत होता?"

"हसत होता."

"मग ढोल वाजवा. आणि मास्तर, मी जाईन तेव्हा मला माझंच अंग घाल. जे काय आहे ते."

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या दुकानात नवी पाटी लागली, हाताने रंगवलेली: स्वतःचे अंग, मोफत, ब्रॉबीचे अंग, पाच सेडी जादा. दहापैकी सात लोक ब्रॉबीच घेतात, आता नाव सांगून घेतात. आमच्या संघाच्या कॅलेंडरचे कामही त्यांना मिळाले, कारण तपासनीसांपुढे ठेवता येईल असा संगणक छपाईवाल्यांमध्ये त्यांच्या एकट्याकडे होता.

मास्तर गिंप, इंकस्केप आणि बाकीचे सगळे तबकडीवर भरून गावातल्या इतर दुकानांना फुकट देऊ लागले. कोणी घेईना. फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार, असे लोकांचे म्हणणे. मास्तरांनी मिस आम्पोमांना विचारले, प्रत करून देण्याचे पैसे घेतले तर कायदा काय म्हणतो? बाई म्हणाल्या, चालते, तशी परवानगी आहे. तेव्हा मास्तरांनी तबकडीला दहा सेडी लावले आणि सोबत प्लास्टिकची पिशवी द्यायला सुरुवात केली. महिन्याभरात गावातला शेवटचा दिमित्रीही गेला. काचेच्या दुकानाने दोन तबकड्या घेतल्या.

सकाळी दुकान उघडले की मास्तर अजून आधी नमस्कार करतात, आता पेंटरला. माझा नवा फोटो काढायला ते मला अधूनमधून बोलावतात. मी निवृत्तीनंतर बघू असे सांगितले आहे. अंग कोणाचे हवे तेवढे आताच ठरवा, म्हणजे घाई होणार नाही, असा त्यांचा आग्रह असतो.

उरलेले १,२४० सेडी मी सोमवारी, २० मार्चला चुकते केले आणि पावती घेतली. मामांच्या अंगाचे पाच सेडी मास्तरांच्या मते समितीने द्यायचे होते, समितीच्या मते ते छपाईत धरलेले होते. समिती त्याच दिवशी विसर्जित झाली. ब्रॉबीचे ते पाच सेडी अजून द्यायचे आहेत.